तिसऱ्या कपापर्यंत

लाकेव कामात आहे की झोपेत, हे अदिस अबाबातल्या आमच्या पियासा पेठेत भल्याभल्यांना ओळखता यायचं नाही. जुन्या इटालियन इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान. दुकान कसलं, एक खिडकी असलेली खोली. त्या खिडकीपाशी करडा कोट घालून तो बसलेला असायचा, समोर टेबलावर उघडंनागडं कॉम्प्युटर, त्याचा पंखा गरगरतोय, बाहेर एन्तोतोच्या डोंगरावरून उतरलेलं धुकं आणि साहेबांचे डोळे अर्धे मिटलेले. गिऱ्हाईक दारात उभं राहून खाकरायचं, मग पुन्हा खाकरायचं. "बसा. ऐकतोय," असं लाकेव म्हणायचा. पण ऐकत असायचा तो पंख्याचं. गिऱ्हाइकाची पाळी नंतर यायची.

त्याचा धंदा म्हणजे स्वस्तातला प्रोसेसर घेऊन तो महागड्याच्या वेगाने पळवायचा. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. लाकेवचं म्हणणं असं, की कारखाना एकाच घाण्यातून ढीगभर तुकडे काढतो, काहींवर मोठा आकडा लिहितो, काहींवर छोटा. छोटा आकडा पडला म्हणून तो तुकडा मंदच असतो असं नाही. बिचाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. मग लाकेव विचारायचा. वेग जरासा वाढवायचा, व्होल्टेज चिमूटभर जास्त सोडायचं, थांबून बघायचं, पुन्हा जरासं वाढवायचं. अर्थात त्यासाठी मदरबोर्डही तसा लागतो. सगळ्यात स्वस्त बोर्डात वेग वाढवण्याची सोय मुळातच कुलूपबंद असते. असला बोर्ड घेऊन कुणी आलं की लाकेव मान हलवायचा. "घोडा आणलात, लगाम दुकानातच विसरलात," म्हणायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा.

वेग वाढवला, पण तो टिकतो का? त्याची परीक्षा लाकेव घड्याळावर घेत नसे, कॉफीवर घेत असे. जिन्याखाली बेलेतूची कॉफीची चूल होती; सगळे तिला एतिये, म्हणजे मोठी ताई, म्हणायचे. तिने दाणे भाजायला घेतले, धुराचा पहिला वास वर आला, की लाकेव कॉम्प्युटरला अवघड गणितं घालून जुंपायचा. मग पहिला कप, दुसरा कप आणि शेवटी तिसरा, ज्याला आमच्याकडे बरेका म्हणतात. बरेका म्हणजे आशीर्वाद. तो न पिता उठणारा माणूस आशीर्वाद टाकून उठतो, असं आम्ही मानतो. भाजण्यापासून तिसऱ्या कपापर्यंत कॉम्प्युटर न अडखळता चाललं, तर ते गिऱ्हाइकाला द्यायला मोकळं. खालून बेलेतू ओरडायची, "बरेकाऽऽ!" आणि वरून लाकेव खिडकीतून हात हलवायचा.

"यंत्रांना रोज आशीर्वाद पाजतोस," ती एकदा त्याला म्हणाली होती, "घरी बायकोबरोबर कधी तिसरा कप प्यायलास का रे बाळा?"

लाकेव हसला होता. दुसऱ्या कपानंतर त्याला नेहमी काहीतरी आठवायचं, कुठलंसं मशीन, कुठलासा आकडा, आणि तो उठायचा. बायको वुबालेम मागे किटली घेऊन बसून राहायची. या गोष्टीत काही वावगं आहे हे त्याच्या तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

वुबालेम दिरे दावाची. खालच्या मुलखातली, उन्हातली. तिकडचे लोक राजालाही अरे-तुरे करतील, आणि वुबालेम तर सासूलाही करायची. "अगं, बस की," असं ती पहिल्याच दिवशी लाकेवच्या आईला म्हणाली आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली. लाकेवने तिला हळूच समजावलं. तिने अरे-तुरे कमी केलं. त्याबरोबर हसणंही कमी झालं, पण ते कुणी मोजलं नाही. थंडी मात्र तिला कधीच सोसली नाही. गाबी, म्हणजे आमच्याकडची जाडजूड सुती चादर, अंगाभोवती गुंडाळून ती कोळशांवर हात धरून बसायची, नाक लाल, ओठ फुटलेले. "सवय होईल," लाकेव म्हणायचा. तो अगदी प्रेमाने म्हणायचा. ज्याच्यावर छोटा आकडा लिहिलाय त्याच्यातही बरंच काही असतं, हा त्याचा विश्वासच होता. पाच-सहा वर्षं तो सवय होण्याची वाट बघत राहिला.

मग तिच्या आईचे गुडघे धरले म्हणून ती दिरेला गेली. गुडघे सुटले, तरी ती आली नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. भांडण झालंच नव्हतं. गाबी तिने खुर्चीवर घडी करून ठेवली होती, आणि लाकेव त्या खुर्चीवर कधी बसला नाही.

वर्षभराने, भर पावसाळ्यात, तिचा फोन आला.

"अरे लाकेव, मशीन पाहिजे."

"कशाला?" त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"लग्नांचे व्हिडिओ जोडायला लागलेय. इथे बहिणीने कॅमेरा घेतलाय. पण माझं जुनं खटारं असलं आहे, की एक लग्न जोडून होईपर्यंत त्या दोघांना मूल होतं. स्वस्तातलं दे, पण पळणारं दे. तुझं ते काय असतं तसलं."

तुझं ते काय असतं तसलं! लाकेव खिडकीपाशी बसला आणि धुक्याकडे बघत राहिला. त्याला दिसलं ते असं: वुबालेम मशीनसमोर बसलीये, मशीन वाऱ्यासारखं धावतंय, तिला कळतंय की आपला नवरा काय चीज आहे, आणि ती बॅग भरतेय. ट्रेन वर चढतेय. स्टेशनवर तो उभा आहे. हे चित्र त्याने इतक्यांदा बघितलं की शेवटी त्या स्टेशनवरच्या हमालाचा चेहराही त्याला ओळखीचा वाटायला लागला.

"एतिये," खाली जाऊन त्याने बेलेतूला सांगूनच टाकलं, "हे मशीन चाललं तर ती परत येईल."

"आणि नाही चाललं तर?"

"माझं मशीन चालत नाही असं होत नाही."

"बरं बाबा," बेलेतू म्हणाली आणि निखाऱ्यांवर धुपाचा खडा टाकला.

प्रोसेसर त्याने स्वतः निवडला. सहा-सात तुकडे घेऊन बसला आणि ज्याला सगळ्यात कमी व्होल्टेजमध्ये सगळ्यात जास्त वेग सोसला तो काढला. प्रश्न होता बोर्डाचा. फळीवर दोन होते, दोन्ही बिनकुलपाचे. एक रुंद आणि जड. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या त्याच्या भागावर उष्णता ओढून घेणारे अॅल्युमिनियमचे जाड ठोकळे बसवलेले. दुसरा सडसडीत, वीज पुरवणारा भाग उघडाच. जड बोर्डाची किंमत प्रोसेसरच्याही वर जात होती.

"नाकापेक्षा मोती जड," लाकेव पुटपुटला. त्याने सडसडीत बोर्डावर प्रोसेसर लावून तो पळवला आणि त्या उघड्या भागावर बोट ठेवलं. कोमट. अदिसच्या थंडीत तो भाग त्याच्या हाताला कधी कोमटच्या वर लागलाच नव्हता. मग ठोकळ्यांसाठी पैसे कशाला घालवायचे? वाचलेल्या पैशात त्याने जास्त वेगाची मेमरी घातली.

आणि त्याच्याकडे एक सिद्धांतही होता. आमच्याकडे हा सिद्धांत लहान पोरालाही पटतो. "आपले पळणारे कुठे सराव करतात? एन्तोतोवर. इथली हवा विरळ. इथे धापा टाकत पळतात, आणि खाली समुद्राकाठी गेले की सगळ्यांच्या पुढे. मशीनचंही तसंच. विरळ हवेत पंख्याला पुरेसा वारा घेता येत नाही. इथे जे टिकलं, ते खालच्या दाट हवेत उडेल!"

बेलेतूने कप पुसता पुसता वर पाहिलं. "मी दिरेच्या नणंदेला लोणी पाठवलं होतं बाळा. इथून गोळा निघाला. तिकडे पोचलं ते तेल."

"लोण्याचं वेगळं असतं, एतिये."

"असेल. मी आपली कॉफीवाली बाई."

त्या दिवशी दाण्यांचा वास वर आला तेव्हा लाकेवने वेग जिथे नेला, तिथे त्याने आजवर कुठलंच मशीन नेलं नव्हतं. खिडकी सताड उघडी, धुकं आत येऊन टेबलाखाली बसलेलं. पहिला कप झाला. दुसरा झाला. पंखा एका सुरात गात होता. लाकेवचे डोळे मिटले आणि तो ट्रेन, स्टेशन, बॅग, सगळं पुन्हा एकदा बघून आला. "बरेकाऽऽ!" खालून आवाज आला. त्याने हात हलवला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मग त्याने घरातल्या खुर्चीवरची ती गाबी आणून मशीन तिच्यात नीट गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि दिरेच्या बसवाल्याच्या हवाली केलं.

आठवडाभर कौतुकाचे फोन आले. "अरे, हरणासारखं पळतंय!" लाकेव दुकानात शीळ घालत फिरला. मग एक दिवस ती म्हणाली, "सकाळी पळतं रे. दुपार झाली की मान टाकतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पडदा काळा. परत चालू केलं की थोडं चालतं, पुन्हा काळा."

"वीज कमी-जास्त होत असेल."

"मी स्टॅबिलायझर लावलाय."

"मग धूळ. मग तू एका वेळी फार काही उघडत असशील."

"म्हणजे माझंच चुकतंय."

"तसं नाही वुबे, पण इथे तर ते बरेकापर्यंत..."

"लाकेव," ती शांतपणे म्हणाली, "शनिवारी एका नवरीचा बाप व्हिडिओ न्यायला येणार आहे. मला मशीन चालायला हवं. इथे." आणि तिने फोन ठेवला.

तो शेवटचा शब्द त्याच्या कानात राहिला. लाकेव घाबरला. मशीन गेलं तर ती गेली, हे गणित त्याने स्वतःच मांडलं होतं. सकाळच्या ट्रेनने तो निघाला. निघताना बेलेतू म्हणाली, "तो जडवाला बोर्ड घेऊन जा की." पण तो बोर्ड नेणं म्हणजे घरातून निघतानाच चूक कबूल करणं. लाकेवने पेचकस घेतला, पकड घेतली, कोट घातला. पावसाळा सरता सरता लागणारं आमचं नवं वर्ष नुकतंच लागलं होतं आणि डोंगर पिवळ्या फुलांनी भरले होते. ट्रेन ते सगळं मागे टाकत खाली उतरत गेली. हिरवं संपलं, काटेरी झुडपं आली, उंट आले, आणि खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडाचा व्हायला लागला. लाकेवने कोट काढला नाही. तो मनातल्या मनात वीज, धूळ आणि वुबालेमच्या चुका यांची उजळणी करत होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असाच असावा.

रात्री तो स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये राहिला, आणि सकाळी बजाज रिक्षावाल्याने त्याला दारात सोडलं. "उतर रे, आलं घर. कोटात अंडी उबवतोस का?" तो अनोळखी माणूस म्हणाला. अदिसमध्ये असं बोलणाऱ्याची लाकेवने खोड मोडली असती. इथे तो नुसताच घामाघूम उभा राहिला.

वुबालेमने दार उघडलं, आणि तो बघतच राहिला. बिनबाह्यांचा सुती झगा, डोक्याला ओढणी, मऊ ओठ, मोकळा चेहरा. नाक लाल नव्हतं. या बाईला आपण पाच-सहा वर्षं ओळखत होतो, पण हिला कधी बघितलं नव्हतं, असं त्याला वाटून गेलं.

"ये. तुझं लाडकं तिकडे आहे."

पत्र्याच्या छपराची खोली होती. खिडकीवर उन्हाला आडोसा म्हणून ती गाबी टांगलेली. सकाळी मशीन खरोखरच हरणासारखं पळत होतं. लाकेवने तारा तपासल्या, धूळ फुंकली, स्टॅबिलायझर पाहिला. सगळं ठीक. "बघ!" तो म्हणाला. "दुपार होऊ दे," ती म्हणाली.

दुपार झाली. दुकानांची दारं ओढली गेली, रस्त्यावरचा आवाज बसत बसत थांबला, कुत्री भिंतींच्या सावलीत आडवी झाली. अख्खं दिरे झोपलं. तिथे भर दुपारी जागं राहणं हेच वेडेपणाचं समजतात. पत्रा तडतडत होता. मशीनचा पंखा आधी ओरडला, मग रडल्यासारखा झाला आणि पडदा काळा पडला. लाकेवने झाकण काढलं आणि सवयीने त्या उघड्या भागावर बोट ठेवलं.

"आई गं!"

बोटाला टरटरून फोड आला. वुबालेम ओलं फडकं घेऊन आली, त्याचं बोट त्यात गुंडाळलं आणि हातात धरून बसली. लाकेव जमिनीवरच बसला होता. त्याला लाज वाटत होती. अशी लाज त्याला शाळेतही कधी वाटली नव्हती. प्रोसेसरचा दोष नव्हता, विजेचा नव्हता, धुळीचा नव्हता. दाट हवा वगैरे ठीक होतं, पण तीच हवा इतकी तापलेली, की प्रोसेसरला वीज पुरवता पुरवता बोर्डच भाजून निघत होता. जाड ठोकळ्यांचा बोर्ड याच्यासाठीच असतो, हे दुसऱ्याला त्याने दहादा सांगितलं असतं.

"मी अदिसच्या थंडीत बसून दिरेचं मशीन बनवलं," तो म्हणाला.

"हो ना," वुबालेम म्हणाली. "आणि अदिसच्या थंडीत बसून दिरेची बायकोही सुधारायला घेतली होतीस."

त्याने मोकळ्या हाताने झाकण जवळ ओढलं आणि तिथेच सोडलं.

"मीही रोज दुपारनंतर मान टाकायची रे. तू म्हणायचास, सवय होईल. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुझ्या एवढ्या मशिनी टिकतात, मीच कशी टिकत नाही."

"तुझ्यात काही कमी नव्हतं, वुबे." तो म्हणाला. "मी कधी बोट ठेवून बघितलंच नाही."

बाहेर कुठेतरी एक कोंबडा वेळ चुकून आरवला. वुबालेमने फडकं पुन्हा ओलं करून आणलं.

मग लाकेवने ते केलं, जे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. तो वेग उतरवायला बसला. एक पायरी खाली. मशीन मेलं. आणखी एक खाली. थोडं जास्त चाललं, मेलं. व्होल्टेज काढून घेतलं, आणखी एक पायरी. प्रत्येक पायरीला त्याच्या छातीत काहीतरी निसटत होतं, आणि गंमत म्हणजे निसटल्यावर हलकंही वाटत होतं. शेवटी कारखान्याने लिहिलेल्या आकड्याच्या जेमतेम वर, एवढंसं वर, मशीन स्थिरावलं आणि न अडखळता चालू लागलं. पत्रा तापलेलाच होता. मशीन चालत राहिलं. शनिवारची नवरी पडद्यावर पुन्हा पुन्हा पायऱ्या उतरत होती.

"हे तर अगदी साधं झालं," तो ओशाळून म्हणाला. "यात माझं काय राहिलं?"

"चालतंय ना? मग झालं."

त्याने बेलेतूला फोन लावला. "एतिये, तो जडवाला बोर्ड तेवढा बसने पाठवता का? त्याच्यावर थोडा तरी वेग वाढवता येईल."

"पाठवते. लोणी वितळलं वाटतं?" ती खुदखुदली. "पण तू उद्याच्या ट्रेनने येतोयस ना? मग बोर्ड बसवणार कोण?"

लाकेवने अंगणाकडे पाहिलं. "पाठवा तर खरं."

उन्हं कलली तशी अंगणात कडुलिंबाखाली वुबालेमच्या आईने चूल मांडली. दाणे तडतडले, धूर निघाला. जुन्या सवयीने लाकेवने मान खोलीकडे वळवली. "इकडे बघ रे," म्हातारी म्हणाली, "आणि तो कोट काढ आधी. शिजून निघशील, मग तुला खाणार कोण?" लाकेवने कोट काढला. सासूने अरे म्हटलं याचं त्याला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. वुबालेमने कोट घेऊन खुंटीला अडकवला.

पहिला कप झाला. म्हातारीने गुडघ्यांची सगळी हकिगत सांगितली. दुसरा कप झाला. वुबालेमने किटली खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. ती त्याच्या उठण्याची वाट बघत होती. तो उठला नाही.

"मी परत येणार नाही, लाकेव," ती म्हणाली. "आत्ताच सांगते. तू मनात काय काय चित्रं काढली असशील ते मला ठाऊक आहे."

ते स्टेशन, तो हमाल, ती बॅग. लाकेवने रिकामा कप खाली ठेवला. दुखलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

"मी विचारलं नाही," तो म्हणाला.

"विचारणार होतास."

"विचारणार होतो." त्याने फडक्यात गुंडाळलेल्या बोटाकडे पाहिलं. "आता दुसरंच विचारतो. मी इथे टिकेन का?"

"तू?" ती हसली, मान मागे टाकून, मोठ्याने. ते हसणं त्याने लग्नाआधी ऐकलं होतं. "दोन दिवसांत भाजून निघशील."

"वेग कमी ठेवला तर?"

ती हसायची थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग खोलीकडे, जिथे मशीन आपल्या साध्या वेगाने चाललं होतं. मग तिने किटली उचलली आणि त्याचा कप भरला.

"बरेका," म्हातारी म्हणाली.

कप गरम होता. लाकेव तो निवेपर्यंत तसाच हातात धरून बसला.